दोन बॉल बाकी

"चार्ट तुम्ही दोघी करा. मुलींचं अक्षर चांगलं असतं," विभागप्रमुख सर म्हणाले, आणि संघप्रिया वाव्हळेनं हातातली पेन्सिल बाकावर ठेवून दिली.

१९९८ सालची ही गोष्ट. भाईंदरच्या एका पॉलिटेक्निकात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला चोपन्न मुलगे होते आणि मुली दोनच. एक संघप्रिया आणि दुसरी इंद्रलोक वसाहतीत राहणारी स्वाती पाष्टे. मुंबईतल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजानं रोबोंची स्पर्धा जाहीर केली होती. तीन मिनिटांत बारा टेनिस बॉल फेकायचे. जवळच्या रिंगमध्ये पडला तर एक गुण, चार मीटरवरच्या लांबच्या रिंगमध्ये पडला तर तीन. यंत्र दीड फुटी खोक्यात मावलं पाहिजे, बारा व्होल्टवर चाललं पाहिजे आणि मोटर सोडून सगळे फिरणारे भाग विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेले पाहिजेत. सरांनी वर्गातल्या शशिकांतची टीम निवडली होती. चार मुलगे रोबो करणार आणि दोन मुली रंगीत चार्ट.

"सर, आम्हाला रोबो करायचाय," संघप्रिया म्हणाली.

"शशिकांत करतोय ना? कॉलेजचं नाव जाणारेय तिथं. उगाच प्रयोग नकोत."

"नियमात लिहिलंय, एका कॉलेजातून दोन टीम चालतात."

सरांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला. खरंच तसं लिहिलं होतं. "बरं. पण दुसऱ्या टीमला वर्कशॉप मिळणार नाही. मशिनं मोकळी नाहीत."

"नको सर. मशीन आहे माझ्याकडे."

बाहेर आल्यावर स्वातीनं तिचा दंडच धरला. "कुठाय गं तुझ्याकडे मशीन?"

मशीन होतं, पण तिचं नव्हतं. हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात तिचे वडील कोंडिराम पंपाचे पार्ट बनवायचे, त्या गाळ्यातला लोखंड कातायचा जुना लेथ. कोंडिराम परभणीकडचे. दुष्काळात गाव सोडून आले, आधी खडी फोडली, मग झाडू मारता मारता लेथ शिकले. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. मशीन पुसून तेल घालायला ते जायचे, तेव्हा संघप्रियाही सातवीपासून त्यांच्या मागं जायची. आधी नुसती बघायची. मग हँडल फिरवायला लागली. दहावीच्या सुट्टीत तिनं पहिला शाफ्ट कातून उतरवला, तो तिच्या आईनं, मुक्ताबाईनं, पाटा-वरवंट्याशेजारी उभा करून ठेवला होता आणि ती तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

दोघींनी आधी केलं ते सगळेच करत होते तसं. लाकडी हात, त्याला सायकलच्या ट्यूबचा ताण, खटका सोडला की बॉल उडणार. स्वातीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर त्यांनी खडूनं रेघा मारल्या आणि चाळीस बॉल फेकले. कुठलेही दोन बॉल एका जागी पडले नाहीत. ट्यूब दुपारी उन्हानं सैल पडायची, सकाळी घट्ट असायची. एकेचाळिसावा बॉल कठड्यावरून खाली गेला आणि पहिल्या मजल्यावरच्या शेवंतीकाकूंच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडला. काकू वर आल्या त्या बॉल पदरात बांधूनच. अर्धा तास बोलल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "पण हे करताय काय?" स्वातीनं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग नेम तरी नीट धरा," आणि बॉल देऊन गेल्या.

संघप्रियानं ट्यूब काढून टाकली. तिच्या डोक्यात चाक होतं. जोरात फिरणारं एक चाक, त्याच्यासमोर वाकवलेली पत्र्याची पाठ, आणि दोन्हींच्या फटीतून चेपत, घासत बाहेर फेकला जाणारा बॉल. काशिमिऱ्याच्या एका गॅरेजवाल्याकडून त्यांनी मोडक्या गाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर आणली. खालची चाकं चालवायला काच पुसायच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या. सुताराकडून लाकडी चाक करून घेतलं, तात्पुरतं, बघण्यापुरतं, आणि त्यावर रबर चिकटवलं.

बॉल उडाला. पहिल्यांदा उडाला तेव्हा दोघी गच्चीवर नाचल्या. मग संघप्रियानं वही काढली आणि दहा बॉल मोजून फेकले. एक साडेचार मीटरवर, दुसरा साडेतीनवर, तिसरा चारवर. नवा बॉल लांब जायचा, घासलेला जवळ पडायचा. फट कमीजास्त करून बघितली, पाठीच्या पत्र्यामागं पोस्टकार्डाचे तुकडे घालून बघितले. एक पोस्टकार्ड घातलं की बॉल वीतभर पुढं जायचा, एवढं मात्र कळलं. पण फरक काही जाईना.

रात्री जेवताना ती वही घेऊन बसली होती. कोंडिरामना इंग्रजी आकडे वाचता यायचे, बाकी नाही. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"चाक वजनाला किती हाय?"

"हलकं आहे. लाकडाचं."

"मग बॉल घुसला की चाक दबायलंय. नवा बॉल येगळा दाबतो, जुना येगळा. चाकाला वजन पायजे, माय. हलकं चाक बॉलच्या मर्जीवर चालतं."

तिनं हातातला घास तसाच धरून ठेवला. वर्गात फ्लायव्हीलचं, जड फिरत्या चाकाचं, गणित तिनं दोनदा सोडवलं होतं, पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि ते हेच होतं.

पुढच्या शुक्रवारी ती भंगारातली एक जाड लोखंडी चकती घेऊन लेथवर उभी राहिली. वेणी रुमालाखाली बांधलेली, ओढणी घरी ठेवलेली. पहिलं चाक बिघडलं. बाहेरची बाजू कातून उतरवल्यावर तिनं चकती लेथच्या चकातून, म्हणजे फिरत्या पकडीतून, सोडली, उलटी धरली आणि मग भोक पाडलं. गच्चीवर मोटर चालू केली तर अख्खं यंत्र थरथरत कोंबडीसारखं चालायला लागलं.

"भोक मधोमध न्हाई," कोंडिराम म्हणाले. "चकात जॉब एकदा धरला की भोक बी त्याच धरणीत आन् बाहेरची बाजू बी त्याच धरणीत. मधी सोडला की गेला."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुसरी चकती. भोक झालं होतं, बाहेरची बाजू निम्मी उतरली होती. लोखंडाचा निळा कुरळा कीस तिच्या पायाशी पडत होता आणि गाळ्याचं शटर वर गेलं. शेठ कुठलीशी फाईल विसरले होते.

"ए कोंडिराम! ये क्या चालू है? ये लडकी मशीन पे?"

"मेरी बेटी है, शेठ. भंगार का तुकडा है."

"हाथ कटेगा तो पुलिस किसके दरवाजे पे आएगी? तेरे? बंद कर!" शेठनी स्वतःच बटण दाबलं. चक थांबला तसा किल्लीनं सैल करून चाक काढलं आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. ठण्णकन आवाज झाला.

संघप्रियाच्या डोळ्यांसमोर ते निम्मं झालेलं चाक होतं. मधी सोडला की गेला. तिनं वडिलांकडे पाहिलं. शेठसमोर ते मान खाली घालून उभे राहायचे, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आत्ताही मान खालीच होती. मग ते पिंपाकडे गेले, वाकून चाक बाहेर काढलं आणि पोत्यानं पुसून तिच्या हातात दिलं.

"शेठ," ते म्हणाले, "चौदा साल हो गया. कागज पे मैं हेल्पर, और लेथ का पूरा काम मेरे हाथ का. मैं कुछ बोला? आज छुट्टी के दिन मेरी बेटी ने कचरे का तुकडा लिया. वो भी आप को खपत नहीं?"

"जबान चलाता है? कल से मत आ!"

"ठीक है."

त्यांची मायक्रोमीटरची पेटी, धार लावून ठेवलेली टूलं, चष्मा, सगळं स्वतःचं होतं. कपड्यात बांधायला पाच मिनिटं लागली. रस्त्यावर आल्यावर संघप्रियाला रडू फुटलं. "बाबा, माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं कामून? लई दिसाचं पोटात होतं. निमित्त तेवढं तुझं." आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "आता ते चाक टाकून दे. ते कामाचं न्हाई राहिलं."

तीन गल्ल्या सोडून उत्तम नावाच्या माणसाचा गाळा होता. तो कधीपासून कोंडिरामना बोलवत होता. सोमवारी ते गेले आणि दोन अटी सांगितल्या. कागदावर हेल्पर नाही, टर्नर लिहायचं, आणि शुक्रवारी पोरगी लेथ चालवणार. उत्तमनं पोरीला बोलावून घेतलं, एक शाफ्ट उतरवायला लावला, व्हर्निअर लावून माप पाहिलं आणि म्हणाला, "दुसरी अट आधी सांगायची ना."

तिसरं चाक तिनं त्या गाळ्यात केलं. कोंडिराम हात मागं बांधून उभे होते. सांगायचं काही उरलंच नव्हतं. दीड किलोचं चाक, सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट बसवलेलं. गच्चीवर ते फिरायला लागलं तेव्हा मोटरचा आवाज चढत चढत गेला आणि एका सुरात थांबला. दहा बॉल. दहाही बॉल परातीएवढ्या जागेत पडले.

त्यानंतरचे दोन महिने बारीकसारीक दुखण्यांत गेले. बॉल एकामागं एक यावेत म्हणून तिरका लावलेला पाइप सारखा तुंबायचा. वरचे बॉल खालच्यावर रेलायचे आणि पाइपाच्या तोंडचं दार उघडेना. स्वातीनं पाइपाचा उतार कमी केला आणि दाराला वायपरच्याच जातीची छोटी मोटर लावली, एका फेऱ्याला एक बॉल. तारांचं खोकं आणि त्यावरची बटणं हा सगळा तिचा प्रांत. पाठीच्या पत्र्याचा कोन बदलायला हातानं फिरवायचा एक चकली नट आणि सात भोकं ठेवली. वहीत सहाशे बॉलांची नोंद झाली तेव्हा त्या थांबल्या.

जानेवारीत उत्तमनं टेम्पो दिला. स्पर्धेच्या हॉलबाहेर तपासणीचं टेबल होतं. मापं घ्यायला तिथल्या वर्कशॉपचे धर्माजी मेस्त्री बसले होते आणि शेजारी सोनेरी चष्म्याचे एक परीक्षक. परीक्षकांनी चाक बोटानं फिरवलं. ते फिरतच राहिलं, जरासुद्धा न डगमगता.

"हे कुठून आणलंत?"

"बनवलं."

"कुणी?"

"मी."

मागं रांगेत कुणीतरी हसलं. परीक्षक म्हणाले, "हे कारखान्यातलं काम आहे. वडील काय करतात?"

"टर्नर आहेत. हाटकेशला."

"मग झालं की," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं. "हे चाक काढा. विद्यार्थ्यांनी बनवलेलं लावा, नाहीतर बाजूला व्हा."

स्वातीनं संघप्रियाकडे पाहिलं. संघप्रियाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज खाली होता. "वडील टर्नर आहेत म्हणून मला येतं, सर. या रांगेत कितीतरी जणांचे वडील इंजिनिअर असतील. त्यांना विचारलंत का?"

"बाजूला व्हा. मागं लोक थांबलेत."

तिनं दोन्ही तळवे टेबलावर टेकले. "होणार नाही. तुमच्या वर्कशॉपात लेथ आहे ना? एक तुकडा द्या. तुमच्यासमोर करते. नाही जमलं तर हे यंत्र इथंच सोडून जाते."

रांगेतली कुजबुज वाढली. "करू द्या ना सर," असं कुणीतरी म्हणालंही. परीक्षक काही बोलायच्या आत धर्माजी मेस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल पोरी."

तो लेथ हाटकेशच्या लेथच्या दीडपट होता. संघप्रियानं रुमाल बांधला, ओढणी स्वातीकडे दिली. मशीन चालू न करता आधी तिनं एकेक हँडल पुढंमागं फिरवून पाहिलं. आडव्या हँडलला मापाच्या अर्ध्या रेघेइतकी ढील होती. तिनं ती बोटानं दोनदा अजमावली.

धर्माजी मेस्त्री परीक्षकांकडे वळले. "सर, तुम्ही चहा घेऊन या. हिला येतंय."

"नाही," संघप्रिया म्हणाली. "सरांनी थांबावं."

परीक्षक थांबले. दारात दहा-पंधरा मुलं जमली. तिनं चकती चकात धरली, तिची पुढची बाजू साफ केली, भोक पाडलं, मापाला आणलं आणि जॉब न सोडता बाहेरची बाजू उतरवायला घेतली. हाताला घाम होता, तो ती मधूनमधून कुर्त्याला पुसत होती. चाक थंड झाल्यावर मेस्त्रींनी व्हर्निअर लावला, भोकात शाफ्ट सरकवून बघितला आणि नवं चाक जुन्याशेजारी ठेवलं.

"दोन्ही एकाच हातची आहेत," ते म्हणाले. परीक्षकांनी जुन्या चाकाला मान्यता देत सही केली.

तोवर हॉलमध्ये त्यांच्या टीमचं नाव पुकारून झालं होतं. दोघी धावत पोचल्या तर पंच घड्याळ दाखवत होते. दहा मिनिटं उशीर. दर पाच मिनिटांमागे एक बॉल कापायचा, असा नियम.

"तुमच्याच लोकांनी थांबवलं होतं आम्हाला!" स्वाती ओरडली.

"नियम म्हणजे नियम. दहा बॉल घ्या, नाहीतर राहू द्या."

स्वातीच्या डोळ्यांत पाणी आलं. संघप्रियानं टोपलीतले दोन बॉल काढले आणि कुर्त्याच्या खिशात कोंबले. "बटणांवर ये, स्वाती. दहा तर दहा."

शिट्टी झाली. स्वातीनं रोबो रेघेपर्यंत नेला. चाकाचा आवाज चढत गेला, पण ओळखीच्या सुराच्याही वर गेला. आयोजकांनी तिथं दिलेली बॅटरी त्यांच्या स्वतःच्या बॅटरीपेक्षा ताजी होती. पहिला बॉल लांबच्या रिंगवरून वीतभर पुढं गेला. दुसराही तितकाच.

"थांब!" यंत्राला एकदाच हात लावायची मुभा होती. कोन बदलावा की फट? वीतभर म्हणजे एक पोस्टकार्ड. तिनं पत्र्यामागचं एक पोस्टकार्ड ओढून काढलं. "सोड."

तिसरा बॉल आत. चौथा आत. पाचव्याला हॉलमधून आवाज आला. त्यानंतर लोक बॉल मोजायलाच लागले, सहा, सात, आठ, नऊ. दहावा रिंगेच्या आतल्या कडेला घासून खाली उतरला. शिट्टी झाली तेव्हा फळ्यावर चोवीस लिहिलं गेलं. शशिकांतच्या टीमचे अकरा झाले होते. यजमान कॉलेजचे पंचवीस.

विभागप्रमुख सर गर्दीतून वाट काढत आले. "शाब्बास! आपल्या कॉलेजचं नाव काढलंत. फोटोला उभे राहू या."

"सर, चार्ट केलेला नाही आम्ही," स्वाती म्हणाली. सर हसले, पण फोटोच्या जागेकडे मात्र गेले नाहीत.

बक्षीस समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. स्टेजवर पाहुणे, हारतुरे, माईक. निवेदकानं आधी दुसरं बक्षीस पुकारलं. "मुली असूनही ज्यांनी इतकं छान यश मिळवलं..." टाळ्या सुरू झाल्या. स्वाती उठली. संघप्रियाही उठली, पण ती स्टेजकडे न जाता स्पर्धेच्या कोर्टवर गेली. यंत्र अजून तिथंच होतं. तिनं ते रेघेवर ठेवलं आणि बॅटरीच्या तारा जोडल्या.

"मिस वाव्हळे, इकडे या," निवेदक म्हणाला.

"एक मिनिट. आमचे दोन बॉल बाकी आहेत."

पंच खुर्चीतून उठले. "स्पर्धा संपली आहे!"

"माहितेय. लिहू नका तुम्ही. आम्ही बारा बॉलांचं यंत्र केलंय, बारा टाकूनच जाणार." तिनं खिशातून बॉल काढून पाइपात सोडले. "स्वाती."

स्वातीनं एकदा स्टेजकडे पाहिलं, मग बटणांचं खोकं उचललं. चाक फिरायला लागलं. वर्कशॉपकडच्या दारातून धर्माजी मेस्त्री आत येऊन उभे राहिले होते. आवाज चढला, एका सुरात आला, आणि पहिला बॉल उंच जाऊन रिंगेच्या मधोमध पडला. मागच्या बाकांवरून सत्तावीस, सत्तावीस असा एकच गिल्ला झाला.

दुसरा बॉल रिंगेच्या कडेवर आपटला, वर उडाला आणि बाहेर पडला.

"बारातले नऊ," संघप्रिया म्हणाली. स्वातीनं वही काढून तसंच लिहिलं.

मग तिनं तारा सोडवल्या, हात कुर्त्याला पुसले आणि दोघी स्टेजवर गेल्या. पाहुण्यांनी कप पुढं केला. सोनेरी चष्म्याचे परीक्षक शेजारीच बसले होते. ते सर्टिफिकेटकडे बघत म्हणाले, "हे सगळं करायची काही गरज नव्हती."

"आम्हाला होती, सर," संघप्रिया म्हणाली आणि कप घेतला. चकचकीत पत्र्यावर तिच्या तेलकट बोटांचे पाचही ठसे उमटले. निवेदकानं रुमाल पुढं केला, पण तिनं तो घेतला नाही. कप तसाच काखेत मारून ती यंत्र उचलायला खाली उतरली.